सहा झोपतात, पण सहा बसतात का? (जुन्या मोटरहोमबद्दल उत्तर)

तुमचा प्रश्न वाचला आणि २०१६ सालचा मीच समोर उभा राहिलो. तुम्हाला घ्यायचीय १९९८ ची सहा जण झोपतील अशी मोटरहोम (आत पलंग-स्वयंपाकघर असलेली गाडी), ११,००० पौंड, दोन मुलं (५ आणि ८), उन्हाळ्यात भारतातून येणारे सासू-सासरे, आणि विचारलंय काय, तर ओल कशी ओळखायची आणि पडदे कुठले लावायचे. पडद्यांचं नंतर बघू.

आधीच सांगतो, मी मेकॅनिक नाही, वकील तर नाहीच. अनुभव इंग्लंडमधला आणि एकाच गाडीचा आहे. नियम बदलतात, तुम्ही स्वतः तपासून घ्या.

ओल, टायमिंग बेल्ट, टायरवरचा चार आकडी तारखेचा शिक्का (पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे) हे सगळं तुम्ही बघणारच, त्यात वेळ घालवत नाही. ओलीबद्दल एवढंच की मीटर सोबत न्या, २० टक्क्यांच्या वर आकडा दिसला की चहा न घेता घरी या. भिंतीच्या आतली लाकडी चौकट कुजली असेल तर ११,००० ची गाडी १५,००० ला पडते.

मी ओल व्यवस्थित तपासली होती. माझी गाडी आतून ठणठणीत कोरडी होती. मी फसलो वजनात.

प्रत्येक गाडीवर एक पट्टी असते, बहुतेक बॉनेटखाली. तिच्यावर चार आकडे असतात: भरलेल्या गाडीचं कमाल वजन, मागे ट्रेलर जोडला तर दोघांचं मिळून, पुढच्या ॲक्सलची (चाकांच्या आसाची) मर्यादा आणि मागच्या ॲक्सलची. माझ्या पट्टीवर पहिला आकडा होता ३,१०० किलो. विक्रेत्याने गाडी दाखवताना गॅस पेटवून दाखवला, फ्रिज दाखवला, पलंग उघडून दाखवले. पट्टी त्याने दाखवली नाही आणि मी मागितली नाही. 'सिक्स बर्थ' लिहिलंय म्हणजे सहा माणसं सामानासकट जाणार, असं मी धरून चाललो. हा धडधडीत मूर्खपणा होता. सहा जण झोपतात याचा अर्थ सहा जणांचा प्रवास त्या गाडीला झेपतो असा होत नाही. गाडीवाल्याने पलंग मोजलेले असतात, माणसं नाहीत.

२०१७ च्या जुलैत आम्ही सहा जण स्कॉटलंडला निघालो. आता आपली सवय बघा. पाणी मिळेल न मिळेल, म्हणून ९० लिटरची टाकी काठोकाठ भरली. आईने दहा किलो आटा, पाच किलो तांदूळ, डाळी, मिक्सर, दोन कुकर घेतले. मागे रॅकवर चार सायकली. विक्रेत्याने 'फुकट' लावून दिलेली बाहेर उघडणारी कनात होतीच, तीही २५-३० किलोची. मध्ये एका मुक्कामावर सांडपाण्याची टाकी रिकामी करायची राहिली. एम-६ महामार्गावर केंडल गावाच्या पुढे तपासणीवाल्यांनी आम्हाला बाजूला घेतलं आणि काट्यावर लावलं.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. बाबांची सगळी नोकरी सांगलीकडच्या एका साखर कारखान्यात वजनकाट्यावर गेली. तीस वर्षं त्यांनी उसाच्या ट्रॉल्या तोलल्या. आणि हा माणूस नातवंडांसमोर, खांद्यावर शाल घेऊन, स्वतःच्याच मुलाची गाडी ओव्हरलोड निघताना बघत उभा. ३,३९० किलो. मागचा ॲक्सल १,९०० आणि मर्यादा १,७५०. बाबांनी पावती मागून घेतली, चष्मा लावून वाचली आणि मला मराठीत विचारलं, "रिकामी कितीला भरली होती?" मला उत्तर देता आलं नाही. गाडी मी रिकामी कधी तोललीच नव्हती.

दंड १०० पौंड झाला, कारण जादा वजन १० टक्क्यांच्या आत होतं. त्याच्या वर गेलं की २०० आणि ३०० होतात. पण दंडाचं काही नाही. वजन मर्यादेत आल्याशिवाय गाडी हलवायची नाही, हे खरं दुखणं. टाकीतलं चांगलं पाणी सोडून दिलं, ९० किलो गेले. उरलेले २०० किलो कुठून काढणार? बायको, आई, दोन्ही मुलं, आटा-तांदूळ आणि दोन बॅगा टॅक्सीत घालून पेनरिथला पाठवल्या. मी आणि बाबा मागून गाडी घेऊन गेलो. वाटेत ते एक शब्द बोलले नाहीत. त्या तपासणीवाल्यांवर माझा राग नाही, त्यांनी त्यांचं काम केलं आणि मुलांना बिस्किटंही दिली.

राग आहे तो पुढच्या प्रकाराचा. गाडीची मर्यादा कागदोपत्री वाढवता येते असं कोणीतरी सांगितलं. ज्या कार्यालयाशी संबंध आला त्याचं नाव घेत नाही. चार महिने, तीन पत्रं आणि तिन्ही वेळा तेच छापील उत्तर: बॉडी बांधणाऱ्याची संमती जोडा. बॉडी बांधणारी कंपनी कधीच बंद पडली होती. तेही कळवलं. उत्तर आलं: बॉडी बांधणाऱ्याची संमती जोडा. शेवटी पदरचे पैसे देऊन एका खाजगी इंजिनिअरला गाडी दाखवली. त्याने पंधरा मिनिटांत सांगितलं की या चासीची (गाडीच्या खालच्या सांगाड्याची) मूळ मर्यादाच एवढी आहे, इथे वाढवण्यासारखं काही नाही. हे पहिल्याच पत्रात लिहायला कुणाच्या बापाचं काय जात होतं? असो.

त्यानेच अजून एक समजावलं, ते लक्षात ठेवा. मागच्या स्प्रिंगशेजारी हवेच्या पिशव्या बसवून देतो म्हणणारे बरेच भेटतात. त्याने गाडीची बसलेली पाठ वर येते, पट्टीवरचा आकडा मात्र आपोआप वाढत नाही. कागद नसेल तर गाडी तेवढीच ओव्हरलोड, फक्त दिसायला सरळ.

मागच्या ॲक्सलचं गणित लोकांना कळत नाही. जुन्या मोटरहोमना मागच्या चाकांच्या मागे लांबलचक शेपूट असतं. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर ३.७ मीटर आणि सायकल-रॅक मागच्या चाकापासून २.४ मीटर मागे असेल, तर ५० किलोचं ओझं मागच्या ॲक्सलवर ८२ किलो होऊन पडतं, आणि पुढची चाकं ३२ किलोने हलकी होतात. गावाकडे बैलगाडी उलाळ होते म्हणतात ना, तेच. जुन्या फियाट डुकाटो वगैरे (ज्यांच्यावर मोटरहोम बांधतात त्या व्हॅन) पुढच्या चाकांवर चालतात, त्यामुळे ओल्या गवतावर चाकं नुसती जागेवर फिरतात. आम्हाला एकदा ट्रॅक्टरने ओढून काढलंय.

म्हणून माझं मत (पटलं नाही तर सोडून द्या): सासू-सासरे धरून सहा जण असतील तर ३,१०० किलो मर्यादेची गाडी घेऊच नका, ती कितीही कोरडी असो. ३,५०० किलोची चासी शोधा. आणि ३,५०० च्या वरची गाडी स्वस्तात मिळतेय म्हणून हुरळून जाऊ नका. ती स्वस्त असण्याचं एक कारण म्हणजे १ जानेवारी १९९७ नंतर परीक्षा दिलेल्यांना साध्या लायसन्सवर ती चालवता येत नाही. आपलं भारतीय लायसन्स इथे बदलून मिळत नाही, म्हणजे आपण जवळजवळ सगळे इथे येऊन परीक्षा दिलेले, त्याच रांगेत.

पैसे देण्याआधी गाडी काट्यावर न्या. कचरा डेपो, खडीवाले, धान्यवाले यांच्याकडे काटे असतात, थोडे पैसे घेतात. पूर्ण गाडीचं आणि प्रत्येक ॲक्सलचं वेगळं वजन घ्या. विक्रेता नाही म्हणाला तर तेच तुमचं उत्तर. घेतल्यावर पहिल्या सहलीला निघताना सगळं भरून, सगळ्यांना बसवून पुन्हा तोला. कारखान्यात ट्रॉली दोनदा काट्यावर येते, भरलेली आणि रिकामी. माझं घर त्या पगारावर चाललं आणि मला ते सुचलं नाही.

आता बसण्याचं. मुलांचं वय बघता हे वजनाइतकंच महत्त्वाचं. १२ वर्षं किंवा १३५ सेंटिमीटर, जे आधी होईल तोवर मुलांना चाइल्ड सीट लागते. जुन्या गाड्यांत जेवणाच्या टेबलाजवळ नुसता कमरेचा पट्टा असतो, तोही कधीकधी प्लायवूडच्या खोक्याला स्क्रूने मारलेला. आडव्या, बाजूला तोंड करून असलेल्या बाकावर चाइल्ड सीट लावायची नाही. चाचणी झालेली पोलादी सीट-फ्रेम थेट चासीला बोल्ट करून देणारे लोक आहेत, महाग पडतात, पण या एका कामात काटकसर नको. ओळखीच्या गॅरेजवाल्याला 'दोन बेल्ट लावून दे' असं तर अजिबात सांगू नका.

लंडनमध्ये राहत असाल तर अजून एक. २९ ऑगस्ट २०२३ पासून यूलेझ (जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना दिवसाचे पैसे लावणारा विभाग) सगळ्या लंडनभर आहे. १९९८ चं डिझेल त्यात बसत नाही, गाडी दारातून बाहेर काढली त्या दिवशी १२.५० पौंड, शिवाय अडीच टनांवरच्या इतक्या जुन्या डिझेल मोटरहोमला एलईझेड या आधीच्या नियमाचे दिवसाला १०० पौंड वेगळे. वर्षाला वीस-पंचवीस दिवस फिरलात तरी परवडत नाही, भाजी आणायला तर काढूच नका.

आम्ही शेवटी काय केलं? सायकल-रॅक काढली. पाणी २० लिटरच ठेवायचं, मुक्कामी पोचल्यावर भरायचं. आई-बाबा आले की ते आणि बायको कारने, मी आणि मुलं मोटरहोममध्ये. दोन वर्षांनी ती विकली, साधारण २,००० चा तोटा घेऊन, आणि चार पलंगांची जड चासीची घेतली. ज्येष्ठांना तसंही ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या पलंगावर चढता येत नाही, आणि रोज रात्री टेबल मोडून बिछाना करणं त्यांना तिसऱ्या दिवशी नकोसं होतं.

स्वयंपाकाचं विचारलं नाहीत तरी सांगतो. कुकर लावताना छताची खिडकी उघडी ठेवा, नाहीतर ज्या ओलीला घाबरताय ती तुम्हीच तयार कराल. थंडीत प्रोपेनच (लाल सिलिंडर) घ्या, ब्यूटेन शून्याजवळ गार पडतं. कॅम्पसाइटच्या विजेवर बहुधा १० किंवा १६ अँपिअर मिळतात, इंडक्शन आणि गीझर एकदम लावलेत तर वीज जाते आणि शेजाऱ्यांसमोर शोभा होते. सुके बोंबील नेऊ नका. गाद्यांतला वास २०१९ मध्ये घेणाऱ्यालाही आला होता.

आणि सासऱ्यांना तांब्या लागत असेल तर शौचालयाची कॅसेट (खालची काढता येणारी मैल्याची टाकी) जेमतेम २० लिटरची असते, सहा माणसांत एका दिवसात भरते. दुसरी कॅसेट घेऊन ठेवा. रिकामीच घेऊन निघा, भरलेलीचंही वजन होतं.

पट्टीचा फोटो मिळाला तर आकडे इथे टाका, बघून सांगतो. पडदे कुठलेही लावा, पण हलके.