टॉवरचं बोलणं

प्रश्न : चिपीला उतरता उतरता आमचं विमान पुन्हा वर गेलं. वैमानिकाला टॉवरचं, म्हणजे जमिनीवरून विमानांना सूचना देणाऱ्या कक्षाचं, बोलणं कळलं नसेल का? – एक वाचिका, वेंगुर्ले

उत्तर : ताई, कारण काहीही असो, शंका आली की वर जाणंच बरोबर. टॉवरमध्ये नोकरी करताना मला धास्ती असायची ती वैमानिकाच्या चुकीच्या उत्तराची. १९८९ साली क्वालालंपूरजवळ एका मालवाहू विमानाला २४०० फुटांवर यायला सांगितलं : ‘डिसेंड टू फोर झिरो झिरो’. त्यातला ‘टू’ म्हणजे दोन. वैमानिकाला तो ‘पर्यंत’ वाटला, म्हणजे ४०० फुटांपर्यंत उतर. ‘ओके, फोर झिरो झिरो,’ तो म्हणाला. कुणी टोकलं नाही. विमान टेकडीवर आदळलं, चौघंही गेले. मी प्रत्येक आकडा परत म्हणवून घ्यायचो. आषाढातल्या पावसात तर दोनदा.