गावातल्या जुन्या साप्ताहिकाच्या मालक-घराण्याचा इतिहास कसा शोधावा?

घरच्यांच्या आठवणींआधी अंक चाळा. शेवटच्या पानाच्या तळाशी ‘मालक, मुद्रक, प्रकाशक अमुक यांनी छापून प्रसिद्ध केले’ अशी बारीक ओळ असते. मार्चचा पहिला अंक तर सोडूच नका. वृत्तपत्र नोंदणीच्या १९५६ च्या नियमांनुसार त्यात ‘फॉर्म ४’ छापावा लागे: मालक, भागीदार, एक टक्क्याहून जास्त भांडवल असलेले, सगळे पत्त्यांसह. नातवाला आजोबांचं नाव असलं की हमखास घोळ होतो. मधलं, म्हणजे वडिलांचं नाव बघितलं की सुटतो. प्रकाशक बदलला की नवं डिक्लेरेशन, म्हणजे दंडाधिकाऱ्यांपुढे केलेलं लेखी निवेदन, लागे; हा बदल कुणाच्या निधनामुळेही झालेला असू शकतो, म्हणून नाव बदललेल्या अंकाच्या आधीचे दोन-तीन महिने निधनवार्तांसाठी वाचा. आणि संपादक म्हणजे मालकच, असं धरून चालू नका.