रुजू होण्याआधी काय मागायचं

प्राध्यापकपदाची ऑफर मिळाली, अभिनंदन गं! पगारावर घासाघीस करत बसू नकोस. आयसरसारख्या विज्ञान शिक्षण-संशोधनाच्या केंद्रीय संस्थांत तो वेतन आयोगाच्या तक्त्यानुसारच ठरतो. बोलायचं ते सीड ग्रँट (लॅब उभारायला संस्था देते तो सुरुवातीचा निधी), लॅबची जागा आणि पहिल्या वर्षीचे शिकवण्याचे तास यांवर. 'थोडी जास्त मदत मिळेल का?' असं मोघम विचारू नकोस. उपकरणांची यादी कर, पुरवठादारांकडून कोटेशन मागव, जीएसटी धरूनच आकडा सांग. नमुने साठवायचा उणे ८० अंशांचा फ्रीझर विभागात असेल, तर त्यात एखादा कप्पा माग. तेवढे पैसे वाचतात. आणि मागताना ओशाळू नकोस, हे तुझ्या विद्यार्थ्यांच्या प्रयोगांसाठी आहे. मी जागेच्या तोंडी आश्वासनावर रुजू झाले आणि वर्षभर दुसऱ्यांच्या लॅबमध्ये कोपरा धरून काम केलं. ते अजून सलतं. तू प्रत्येक होकार सहीआधी ईमेलवर घे.