पिकअप स्वतः बदला, पण तो 14,000चा सेट मागवू नका

सांगलीच्या विश्रामबागमधून एका वाचकाने विचारलं आहे. वय 26, कुपवाड एमआयडीसीत नोकरी, हातात 28,000 पगार, महिन्याचा खर्च 19,000, खात्यात 40,000 शिल्लक. शनिवार-रविवारी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतात, एका कार्यक्रमाचे 1,500 मिळतात. त्यांच्या इलेक्ट्रिक गिटारीत तीन सिंगल कॉइल पिकअप आहेत, म्हणजे तारांचा कंप विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारे, तारेच्या एकाच वेटोळ्याचे भाग. ती स्टेजवर फार हमिंग करते, म्हणजे सतत घरघरते, म्हणून 14,000चा नवा सिंगल कॉइल सेट हप्त्यावर घ्यायचा विचार आहे. पुण्यातला कारागीर बसवायचे 2,500 मागतो. तेवढे तरी स्वतः बसवून वाचवावेत का?

जरूर स्वतः बसवा. माझी हरकत सेटला आहे. साधा सिंगल कॉइल कितीही महागाचा असला तरी आसपासच्या ट्रान्सफॉर्मरचा आणि लायटिंगचा त्रास पकडतोच. आपल्याकडच्या विजेची 50 हर्ट्झची घरघर त्यातून ॲम्पपर्यंत जाते. म्हणजे 14,000 भरून पुढच्या कार्यक्रमाला तोच आवाज.

आधी फुकटातली तपासणी करा. ॲम्प चालू ठेवून तारांना हात लावा. हमिंग कमी झालं तर ग्राउंड, म्हणजे अर्थिंगची जोडणी, ठीक आहे. काहीच फरक पडला नाही, तर ब्रिजकडे (तारा जिथे अडकतात त्या खालच्या पट्टीकडे) जाणारी ग्राउंडची वायर सुटलेली असू शकते, आणि तसं असेल तर एका सोल्डरमध्ये काम भागेल. मग पिकअप निवडायचा पाच टप्प्यांचा स्विच दुसऱ्या आणि चौथ्या टप्प्यावर टाकून बघा. पुष्कळ गिटारींत मधला पिकअप उलटा गुंडाळलेला असतो, त्यामुळे या दोन टप्प्यांवर हमिंग जवळजवळ जातं. तिथे तुमचा आवाज स्वच्छ येत असेल तर दोष सिंगल कॉइलच्या जातीतच आहे, आणि त्यावर उपाय हमबकर, म्हणजे घरघर मारणारा दोन वेटोळ्यांचा पिकअप.

तोही फक्त ब्रिजजवळचा एक घ्या, सिंगल कॉइलच्या मापाचा. तो आहे त्याच खाचेत बसतो, लाकूड कोरावं लागत नाही. त्यासाठी 5,000ची मर्यादा घाला. सिंगल कॉइलला बहुधा 250 किलोओमचे पॉट (व्हॉल्युम आणि टोनच्या नॉबखालचे भाग) असतात, हमबकरला 500चे. जुने चालतील का ते कंपनीच्या वायरिंग डायग्रॅममध्ये बघूनच ऑर्डर द्या. वायरींचे रंग प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात, तेव्हा यूट्यूबवरच्या रंगांवर विसंबू नका.

आता मजुरी. सोल्डरिंग आयर्न, सोल्डर, डिसोल्डर पंप आणि साधा मल्टिमीटर साधारण 1,500त येईल. म्हणजे पहिल्या वेळी वाचतात जेमतेम हजार, आणि पुण्याची खेप. पण खरा फायदा पुढे आहे: जॅक, स्विच, केबल हे सगळं ऑर्केस्ट्रात सतत तुटत असतं, आणि ते दुरुस्त करणारा माणूस तुम्ही असाल. आधी एखाद्या बाद केबलवर हात बसवा. जुनं काही सुटं करण्यापूर्वी आतल्या वायरिंगचा फोटो काढा. पॉटच्या पाठीवर आयर्न फार वेळ टेकवू नका, पॉट जळतो. हात थरथरत असेल तर ॲम्प दुरुस्त करणाऱ्या स्थानिक माणसाला द्या. मिरजेच्या सतारमेकरांचा हात जवारीत, म्हणजे सतारीची घोडी घासून आवाज जुळवण्यात, वाकबगार आहे, पण हे काम इलेक्ट्रॉनिक्सचं आहे.

हप्ता मात्र नकोच. ‘नो कॉस्ट’ म्हटलं तरी प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा 18 टक्के जीएसटी बऱ्याचदा तुमच्याच माथी येतो. शिल्लकही मोडू नका. 40,000 म्हणजे तुमचा दोन महिन्यांचा खर्च, ती पगारातून तीन महिन्यांच्या खर्चाएवढी, म्हणजे 57,000पर्यंत, न्या. पिकअप आणि हत्यारं मिळून 6,500, ते पाच कार्यक्रमांच्या मानधनातून निघतात. गणपतीत तेवढे कार्यक्रम मिळाले तर लगेच घ्या.

जुना पिकअप जपून ठेवा. सेकंडहँड बाजारात गिटारीतल्या बदललेल्या पिकअपचे वेगळे पैसे फारसे कोणी देत नाही. विकायची वेळ आली तर जुना परत बसवा आणि नवा सुटा विका.