वादळात पडलेल्या झाडाचे लाकूड

प्रश्न : वादळात अंगणातले जुने झाड मुळांसकट उन्मळून पडले आहे. ते कसे तोडावे आणि त्याच्या फळ्या निघतील का?

उत्तर : झाडाला विजेची तार लागली असेल, तर वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत जवळही जाऊ नये. वाकून ताणलेल्या खोडाला दाबाच्या, म्हणजे आतल्या, बाजूने आधी उथळ काप द्यावा आणि मग ताणाच्या बाजूने कापावे. थेट ताणाच्या बाजूने सुरुवात केल्यास खोड उभे चिरून अंगावर येऊ शकते. खोड सुटताच मुळांचा गड्डा मातीसह धाडकन खड्ड्यात परत बसू शकतो, म्हणून तेथे कोणीही, विशेषतः मुलांनी, उभे राहू नये. फळ्या बहुधा निघतील. मात्र ओंडक्यांच्या टोकांना लगेच मेण किंवा रंग फासावा, अन्यथा तेथूनच भेगा पडतात. मध्ये पट्ट्या ठेवून सावलीत रचलेल्या २५ मिलिमीटर जाड फळ्या वाळायला साधारण वर्ष लागते.