हवेतलं पाणी, घरातली ओल: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

ठाणे आणि नवी मुंबईतल्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम मी सत्तावीस वर्षं करते आहे. पत्रं येतात ती मात्र फक्त भिंतींबद्दल नसतात. गहू, कुरडया, बाळाची दुपटी, सगळंच त्यांत असतं आणि मला ते मनापासून आवडतं, कारण ओल भिंतीत शिरते तशीच डब्यातही शिरते. आपल्या खाडीकाठच्या घरांना पावसापेक्षा हवेतल्या वाफेचा त्रास जास्त. पाऊस दिसतो, वाफ दिसत नाही, म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होतं.

घोडबंदर रोडला चौदाव्या मजल्यावर राहतो. बेडरूमच्या पश्चिमेकडच्या भिंतीवर दर जुलैत काळे ठिपके येतात. दोनदा महागाचा रंग लावून झाला. रंगवाला म्हणतो बाहेरून पाणी येतंय, सोसायटी म्हणते तुमच्या एसीमुळे होतंय. मुलाचा खोकला सुटत नाही. खरं काय समजायचं?

दोघांचंही खरं असू शकतं, म्हणून तिसऱ्यांदा रंग लावायची घाई करू नका. आधी एक साधी परीक्षा करा. पोळ्या गुंडाळायच्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा हातभर चौकोनी तुकडा त्या भिंतीवर लावा, चारही कडा चिकटपट्टीनं घट्ट बंद करा आणि दोन दिवस तसाच राहू द्या. काढताना बघा. भिंतीकडच्या बाजूला पाणी असेल तर ओल भिंतीतून येते आहे. खोलीकडच्या बाजूला दव असेल तर ओल तुमच्या खोलीतल्या हवेतली आहे.

दुसरी शक्यता लोकांना पटत नाही, म्हणून जरा खोलात सांगते. जुलैत बाहेरची हवा साधारण २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के धरा. अशी हवा २५ अंशांच्या किंवा त्याहून थंड भिंतीला टेकली की तिच्यातलं पाणी भिंतीवर उतरतं. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला घाम येतो, तसंच. आता घरातलं चित्र आठवा. रात्रभर एसी २२ वर, भिंत गार झालेली, आणि सकाळी उठल्या उठल्या ‘हवा खेळू दे’ म्हणून खिडकी सताड उघडायची. त्या दहा मिनिटांत भिंतीला घाम फुटतो. कपाटामागे वारा पोचत नाही, म्हणून तिथला घाम वाळत नाही आणि बुरशी नेमकी तिथेच धरते.

तेव्हा एसी २६ वर ठेवा. तो बंद केल्यावर अर्धा तास नुसता पंखा चालवा, खोलीचा गारवा उतरू द्या आणि मगच खिडकी उघडा. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. पलंगाची गादी भिंतीला टेकू देऊ नका.

पाणी खरंच बाहेरून येत असेल तर दोष बहुतेक वेळा भिंतीच्या मधोमध नसतो, खिडकीभोवती असतो. नैऋत्येचा वारा पाऊस आडवा मारतो आणि पश्चिमेच्या भिंती तो सोसतात. गेल्या ऑक्टोबरात कोलशेतच्या एका इमारतीत अशाच तक्रारीसाठी गेले होते. खिडकीवरच्या सज्जाच्या खालून हात फिरवला. सज्जाच्या कडेला खालून एक खाच ठेवलेली असते, बोटाचं पेर बसेल एवढी. सज्जावरून ओघळलेलं पाणी त्या खाचेशी अडतं आणि थेंबाथेंबानं खाली पडतं, भिंतीकडे जात नाही. तिथे खाच हाताला लागलीच नाही. पंधरा वर्षांच्या पुट्टीनं आणि रंगानं ती पार बुजली होती आणि पाणी सज्जाच्या पोटावरून सरळ चौकटीत उतरत होतं. दोरीला टांगलेल्या झुल्यावर बसलेल्या कामगारानं पटाशीनं ती खाच मोकळी केली, चौकटीभोवतीची फट भरली. पुढच्या पावसात ती खिडकी कोरडी राहिली. तुमच्या सोसायटीला बाहेरून रंग द्यायचा असेल तेव्हा ही खाच बुजवू नका, असं कंत्राटात लिहून घ्या.

भर पावसात आतून जलरोधक रंगाचा थर देऊन उपयोग नाही. पाणी भिंतीतच कोंडतं आणि दोन हात पलीकडे पोपडे काढतं. बाहेरचं काम दिवाळीनंतर करा, भिंत पूर्ण सुकू द्या, रंग त्यानंतर. तोवर बुरशी ओल्या फडक्यानं, नाकाला मास्क लावून पुसा. कोरड्या ब्रशनं घासलीत तर तिचे कण खोलीभर उडतील. ब्लीच वापरणार असाल तर त्यात संडास साफ करायचं अ‍ॅसिड किंवा व्हिनेगर चुकूनही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. मुलाला त्या खोलीत झोपवू नका, आणि डॉक्टरांना भिंतीबद्दल आवर्जून सांगा. पालक खोकल्याचं सांगतात, भिंतीचं सांगायचं राहून जातं.

माजिवड्याला राहते. डिसेंबरात खिडक्या उघड्या ठेवाव्यात की बंद? पहाटेची हवा चांगली असं लहानपणापासून ऐकलंय, पण सकाळी खिडकीच्या कट्ट्यावर बोट फिरवलं की धूळ लागते.

थंडीत पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि जड होते, वर चढत नाही. रस्त्याची आणि बांधकामांची धूळ तिच्यातच अडकून बसते. ऊन तापलं की हवा वर उठते आणि धूळ पांगते. म्हणून डिसेंबर-जानेवारीत खिडक्या दुपारी बारा ते चार उघडा, रात्री आणि पहाटे मिटा. केर काढण्याऐवजी ओलं फडकं मारा.

कोपरखैरणेहून लिहिते. सासूबाईंचं गाव नगरकडचं. त्या दर एप्रिलला वर्षाचे गहू-तांदूळ भरून ठेवतात. ऑगस्ट उजाडला की टोके होतात आणि ‘उन्हं नीट दाखवली नाहीस’ असं मला ऐकावं लागतं. बोरिक पावडर लावू का?

तुमचा दोष नाही आणि सासूबाईंचाही नाही. त्यांच्या गावाकडे हवा कोरडी, तिथे वर्षाचं धान्य खरंच टिकतं. इथे तीच पद्धत हवा टिकू देत नाही. टोक्याची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते आणि भोक बुजवून टाकते. धान्य दुकानातून येतं तेव्हाच कित्येकदा ही अंडी आत असतात, बाहेरून काही कळत नाही. ऊब आणि दमटपणा मिळाला की ती फुटतात.

वर्षाचा साठा सोडा, असं मी स्पष्ट सांगते. जूनच्या आत तीन महिन्यांपुरतं भरा आणि पुढचं लागेल तसं आणा. तांदूळ, रवा, बेसन आणल्यावर चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, आतली अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. ती खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर गार धान्यालाही घाम सुटतो. डबे काठोकाठ भरा. अर्धा रिकामा डबा म्हणजे अर्धा डबा दमट हवा. तूरडाळीला एरंडेल तेलाचा हात ही आपल्याकडची जुनी रीत चांगली आहे, ती चालू ठेवा.

बोरिक पावडर पोटात जाण्यासाठी नसते. घरात लहान मूल असेल तर ती धान्यात नकोच. आणि एक गोष्ट अगदी कळकळीनं सांगते. धान्यात ठेवायच्या कीडनाशक गोळ्या, सल्फासच्या नावानं ओळखल्या जातात त्या, घरात आणू नका. हवेतल्या दमटपणाशी संयोग होऊन त्यांतून विषारी वायू सुटतो आणि बंद फ्लॅटमध्ये त्यानं माणसं दगावलेली आहेत. दोन किलो टोके पडलेला गहू टाकून देणं परवडतं.

बाळ दीड महिन्याचं आहे. नेरुळला पावसाळ्यात दुपटी, लंगोट वाळता वाळत नाहीत, कुबट वास येतो. आईनं कपाटात डांबरगोळ्या टाकल्या आहेत.

डांबरगोळ्या आजच काढा. त्यांतलं नॅप्थलीन काही बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतं आणि काविळीचा धोका वाढतो. ज्या जन्मजात दोषामुळे असं होतं तो कोणत्या बाळात आहे हे रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. त्या कपाटातले कपडे पुन्हा धुवा, आणि गोळ्यांच्या कपाटात होते तेच कपडे बाळाला घातले गेले असतील तर डॉक्टरांना तसं सांगा.

वासाचं कारण साबण नसतो, वाळायला लागणारा वेळ असतो. कपडा बराच वेळ ओला राहिला की त्यात जंतू वाढतात. मशीनमध्ये दोनदा पिळून घ्या. सगळ्या खोल्यांत दोऱ्या न बांधता एकाच खोलीत कपडे विरळ टाका, पंखा लावा, खिडकी चार बोटं उघडी ठेवा. ज्या खोलीत बाळ झोपतं तिथे मात्र नको. शेवटी इस्त्री फिरवा. लंगोटाच्या शिवणीला गाल लावून बघा, गार लागली तर तो अजून ओला आहे.

वाशीत तळमजल्यावर राहतो. मोठ्या पावसात चौकात पाणी साचतं, दोनदा घरात घोटाभर आलं. पालिकेचे नाले साफ होतात तरी असं का? आम्ही काय करावं?

नवी मुंबईचा बराच भाग भरतीच्या पाण्याच्या पातळीहून खाली आहे. सिडकोनं शहर वसवताना म्हणूनच धारण तलाव ठेवले. भरतीत खाडीकडच्या झडपा मिटतात, पावसाचं पाणी तलावात थांबतं आणि ओहोटीला बाहेर जातं. तलावात गाळ साचला किंवा मोठा पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की पाण्याला जायला वाट उरत नाही. पाऊस किती असतो याचा अंदाज घ्या: १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे एका एकरावर चार लाख लिटर पाणी.

म्हणून पावसाच्या अंदाजाबरोबर भरतीची वेळही बघायची सवय लावा. साडेचार मीटरच्या वर भरती आणि त्याच सुमाराला जोरदार पाऊस, असा दिवस असेल तर सकाळीच गाद्या, कागदपत्रं, खालच्या कप्प्यातलं धान्य वर चढवा. गाडी उंचावर लावा.

विजेकडे सगळ्यात आधी बघा. पाणी उंबऱ्याशी आलं की मेन स्विच बंद करा, पाय कोरडे असतानाच. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवलेला नसेल तर या हंगामात बसवाच, आणि असेल तर त्याचं चाचणीचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघा. दाबल्यावर वीज गेली नाही तर तो निकामी आहे. तळमजल्यावरचे प्लग पॉइंट कमरेच्या उंचीवर घ्या. खर्च आहे, पण एकदाच करायचा.

पाणी ओसरलं की सोसायटीची जमिनीखालची टाकी तपासल्याशिवाय पंप लावू देऊ नका. टाकीच्या झाकणातून गटाराचं पाणी आत गेलेलं असतं आणि वरच्या मजल्यांना त्याचा पत्ता नसतो. टाकी उपसून, घासून, क्लोरीन टाकून मगच भरा. पाण्यातून चालला असाल आणि पायाला जखम असेल तर ताप यायची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. लेप्टोवरचं (साचलेल्या पाण्यातून जखमेवाटे होणाऱ्या तापावरचं) प्रतिबंधक औषध लवकर घेतलं तरच कामाचं.

ऐरोलीहून. आई ७४ वर्षांची आहे. दर मे महिन्याच्या शेवटी ती कुरडया, सांडगे घालते, ‘मृगाच्या आत उरकायचं’ हा तिचा हिशेब. २०२५ च्या मे महिन्यात सगळं गच्चीवर भिजलं. तेव्हापासून ती घालू का नको म्हणते. हवामानाचा अंदाज बघून दिवस ठरवता येईल का?

तुमच्या आईचा हिशेब वर्षानुवर्षं बरोबरच होता. मृग ७ जूनच्या आसपास लागतो आणि मुंबईत मोसमी पाऊस यायची हवामान खात्याची सर्वसाधारण तारीख ११ जून. २०२५ मध्ये तो २६ मे रोजीच आला. गेल्या पंचाहत्तर वर्षांत मुंबईत मोसमी पाऊस इतक्या लवकर आल्याची नोंद नव्हती. नुसत्या कॅलेंडरवर विसंबायचे दिवस गेले, याचं मलाही वाईट वाटतं.

अंदाज उपयोगी आहे, पण तो जिल्ह्याचा असतो आणि तुमची गच्ची एकच असते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला पाऊण शेही नाही. म्हणून आठवड्याच्या अंदाजावरून दिवस निवडा, आणि वाळवण पसरल्यावर दर तासाला हवामान खात्याचं रडारचं चित्र उघडून बघा. कुलाबा आणि वेरावली इथली रडार आपला भाग टिपतात. ढग सरकत येताना आधी दिसतात, चादरी गोळा करायला पुरेसा वेळ मिळतो. वीज कडाडत असेल तर मात्र कुरडयांसाठी कुणी गच्चीवर जायचं नाही.

आईंना घालू द्या, फक्त महिना मार्चवर आणा. मार्चमध्ये ऊन भरपूर असतं आणि हवा मेपेक्षा कोरडी. पाच किलोचा घाणा एकदम घालू नका. गहू तीन दिवस भिजत पडतात, एकदा चीक काढला की मागे फिरता येत नाही, म्हणून किलो-किलोचे पाच घाणे करा. एक भिजला तरी चार वाचतील.

मध्येच आभाळ भरून आलं तर कुरडया घरात सुती कापडावर एकाच थरात पसरा, दोन्ही पंखे लावा आणि दर दोन तासांनी उलटा. दुसऱ्या दिवशी चिकट लागल्या, आंबूस वास आला किंवा काळा ठिपका दिसला तर सगळा घाणा टाकून द्या, तळून चालेल असं म्हणू नका. मसाल्याच्या मिरच्यांनाही हेच लागू. बुरशी आली की तिचं विष उन्हानं जात नाही आणि भाजूनही जात नाही.

आणि डब्यात भरण्याआधी प्रत्येक घाण्यातली सर्वांत जाड कुरडई आईंच्या हातात द्या. ती मोडताना ‘कट्’ असा आवाज आला तर डब्यात, वाकली तर पुन्हा पंख्याखाली.