गुणी माणूस दडवून ठेवणारा साहेब

तुमच्या प्रश्नाचा मथितार्थ असा: कंपनीत दर मार्चला 'टॅलेंट मॅनेजमेंट'चे फॉर्म भरून घेतात, नऊ खणांच्या तक्त्यात (एका बाजूला आजचं काम, दुसऱ्या बाजूला पुढे जाण्याची कुवत) सगळ्यांची नावं बसवतात आणि तरीही चांगली माणसं सोडून जातातच. मग ज्या कंपन्यांना हे जमतं, त्या नेमकं काय करतात?

मी भोसरी एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात २१ वर्षं काढली. आधी शॉपवर सुपरवायझर, मग प्रॉडक्शन मॅनेजर आणि शेवटची सहा वर्षं एचआर. म्हणजे ज्यांच्या नावाने बोटं मोडायचो, त्यांच्याच खुर्चीत जाऊन बसलो.

त्या तक्त्याचं आधी सांगतो. १९७० च्या दशकात मॅकिन्झी या सल्लागार कंपनीने अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकसाठी असाच नऊ खणांचा तक्ता बनवला, तो कुठल्या धंद्यात पैसा घालायचा आणि कुठल्यातून काढायचा हे ठरवायला. पुढे तोच साचा माणसांना लावला गेला. वाईट नाही, पण त्यात नाव कोण लिहितो? वरचा साहेब. आणि खरी मेख तिथेच आहे.

गुणी माणूस शोधावा लागत नाही हो. मशीन अडलं की पोरं कुणाला हाक मारतात ते दोन दिवस उभं राहून बघा, कळतं. आमच्याकडे एक आयटीआयचा मुलगा होता, सीएनसी टर्निंगवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या लेथवर. जेवणाच्या सुट्टीनंतरचे पहिले तीन-चार पीस बोअरच्या, म्हणजे आतल्या भोकाच्या, मापात हमखास बाहेर जायचे. आम्ही ते ऑपरेटरच्या नावावर रिजेक्शन म्हणून टाकून मोकळे. या पोराने शाळेच्या वहीच्या मागच्या पानांवर पंधरा दिवस वेळ आणि माप लिहून काढलं. सुट्टीत मशीन गार होतं, स्पिंडल (मशीनचा फिरणारा दांडा) पुन्हा तापेपर्यंत माप सरकतं, हे त्याच्या लक्षात आलं. मग तो डबा लवकर संपवून दहा मिनिटं आधी यायचा आणि मशीन रिकामं फिरवून ठेवायचा. रिजेक्शन बंद. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

पुढे टूलरूममध्ये, म्हणजे हत्यारं आणि साचे बनवणाऱ्या खात्यात, वरची जागा निघाली. एचआरने माझ्याकडे नाव मागितलं. मी दुसऱ्याचं दिलं, जो गेला तरी माझं काही अडणार नव्हतं, त्याचं. आणि या पोराच्या फॉर्मवर दोन वर्षं 'समाधानकारक' एवढाच शेरा मारला. चांगलं लिहिलं असतं तर त्याला उचलून नेलं असतं. मग माझा महिन्याचा आकडा कोण काढणार होतं? त्यात दुष्टपणा नव्हता, माझा बोनस त्या आकड्यावर होता. तो चाकणला गेला, तीन हजार जास्त पगारावर. जाताना फॉर्मवर कारण लिहिलं, 'पगार'. सगळे तेच लिहितात. त्यावर वाद घालावा लागत नाही ना.

म्हणून माझं मत असं की, ज्या साहेबाला माणूस सोडल्याचा तोटा होतो, तो माणूस दडवणारच. टाटांनी १९५६ मध्ये जेआरडींच्या काळात 'टाटा अॅडमिनिस्ट्रेटिव्ह सर्व्हिस' ही तरुण मॅनेजर घडवणारी योजना सुरू केली. त्यातली मुलं एका कंपनीची नसून सगळ्या समूहाची, वेगवेगळ्या कंपन्यांतून फिरणारी. मला त्यातली हीच गोष्ट महत्त्वाची वाटते, की माणूस कुणा एका साहेबाच्या मालकीचा राहत नाही. आता आम्ही कुठे आणि टाटा कुठे! पण एचआरमध्ये गेल्यावर मी मालकांकडून एक गोष्ट मान्य करून घेतली: सुपरवायझरने वर्षात किती माणसं तयार करून दुसऱ्या खात्याला दिली, हे त्याच्या स्वतःच्या इन्क्रिमेंटमध्ये धरायचं. आणि माणूस नेण्याची तारीख तीन महिने आधी सांगायची, म्हणजे सुपरवायझरला त्याच्या जागी दुसरा तयार करता येतो. पहिलं वर्षभर शिव्या खाल्ल्या. नंतर सुपरवायझर आपणहून नावं आणायला लागले.

घडवण्याबद्दल लोक ट्रेनिंगचं बोलतात. दोन दिवसांच्या हॉटेलातल्या ट्रेनिंगने, जेवण चांगलं असतं यापलीकडे, मला फारसं काही घडलेलं दिसलं नाही. माणूस घडतो तो झेपेल त्यापेक्षा थोडं जड काम दिलं आणि चुकला तर पाठीशी उभं राहिलं की. आणि अॅप्रेंटिस मुलांकडे नीट बघा. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीला ते घ्यावेच लागतात, पण बहुतेक ठिकाणी त्यांना स्वस्तातले हात समजतात. वर्षभर माणूस जवळून पारखायला मिळतो, अशी इंटरव्ह्यू दुसरी कुठली?

एक चूक मात्र सगळीकडे दिसते. उत्तम सेटर (मशीन कामाला लावून देणारा कारागीर) असेल तर त्याला सुपरवायझर करतात, कारण पगार वाढवायला दुसरी पायरीच नसते. मग चांगला सेटर जातो आणि हजेरीच्या रजिस्टरशी झगडणारा एक वैतागलेला सुपरवायझर मिळतो. हातातल्या कामातच वर चढता येईल अशी वेगळी श्रेणी ठेवायला हवी. आम्ही ती केली, पण फार उशिरा.

टिकवण्याचं म्हणाल तर राजीनामा आल्यावर पगार वाढवून देऊ नका. तो सहा-आठ महिन्यांत जातोच, वर बाकीच्यांना पगार वाढवून घ्यायचा रस्ता कळतो. त्याच्याशी बोलायचं ते आधी, सगळं सुरळीत चालू असताना. 'पुढच्या वर्षी हेच काम दिलं तर चालेल का?' एवढं विचारलं तरी पुरतं. उत्तर द्यायच्या आधी तो किती वेळ गप्प राहतो, ते बघायचं.

तुम्ही स्वतः फॉर्म भरणारे असाल, तर यंदा एचआरला विचारा: गेल्या तीन वर्षांत आमच्या खात्यातून दुसऱ्या खात्यात वरच्या जागेवर कोण गेलं? एकही नाव आलं नाही, तर तुमचं नाव कुठल्या खणात आहे याची चौकशी करण्यात वेळ घालवू नका. बाहेर अर्ज करा.